कमानीत अडकलेला ड्रम

आमच्या घरात जेवताना ताटाखाली पत्रक असायचं. खाली अंथरायला दस्तरखान होता, पण तो ईदेला आणि पाहुणे आले की निघायचा. एरवी अब्बांच्या रद्दीच्या गोदामातून आलेली पत्रकं जमिनीवर ओळीनं मांडायची आणि त्यांवर ताटं. अब्बांचा नियम असा, की ताटाखाली काय छापलंय ते आधी वाचायचं, मग पहिला घास. "माणसानं पदरमोड करून छापलंय," ते म्हणायचे, "कुणी तरी एकदा वाचायला नको?" पेपरात घालून वाटलेली, सिग्नलला हातात कोंबलेली, सभेनंतर मैदानात पायदळी गेलेली, सगळी पत्रकं शेवटी आमच्याकडे यायची, आणि गठ्ठा आवळण्याआधी अब्बा प्रत्येक तऱ्हेचं एक तरी पत्रक स्वतः वाचत. दोन्ही बाजू. त्यामुळे तळेगावातले बाकीचे रद्दीवाले गाड्यावरून टेम्पोवर आणि टेम्पोवरून ट्रकवर गेले, आणि अब्बा चष्म्यावरून जाड चष्म्यावर गेले.

मी वाचायला शिकले ती अशी, वरण-भाताच्या वाफेतून. मला प्रचाराचं पत्रक आलं आणि धाकट्या भावाला नव्या मिसळीच्या हॉटेलचं, की आम्ही ताटासकट जागा बदलायचो. त्याला भूक होती, मला क्रांती पाहिजे होती. अम्मी वैतागून ओरडायची, "भात निवतोय, आणि ह्यांचा जाहीरनामा संपेना!" आमच्याकडचा इंद्रायणीचा भात निवला की त्याचा असा गोळा होतो की तो भिंतीवर मारला तर चिकटून राहील. तेवढं ज्ञान मी पत्रकातून नाही, प्रयोगातून मिळवलं.

पुढे व्हायचं तेच झालं. इतर मुलं रडतात त्या वयात मी पत्रक काढायला लागले. पहिलं दुधी भोपळ्याविरुद्ध होतं. 'बंधू-भगिनींनो, आणखी किती दिवस सहन करायचं?' अशी सुरुवात होती आणि शेवटी 'त्वरा करा, संधी फक्त रविवारपर्यंत' असं होतं, कारण कुठलाही लढा रविवारपर्यंतच असतो अशी माझी समजूत होती. अम्मीनं ते वाचलं, घडी घातली आणि त्यावर दुधी चिरला. आत्मकथन लिहायचं माझं वय झालेलं नाही असं अम्मी आजही म्हणते. पण पत्रक लिहायचं वय कुठं झालं होतं? आणि खरं सांगायचं तर अजूनही मोर्चाचं पत्रक लिहिताना शेवटी 'आमची कुठेही शाखा नाही' असं लिहायला हात शिवशिवतो.

अब्बांची रद्दी जायची आमच्या आंबी गावातल्याच एका छोट्या पुठ्ठ्याच्या मिलमध्ये. मिलचे मालक पुण्याहून रोज येत. गोरे, मऊ बोलणारे, डोक्यावर एक केस नाही. तिथलं जुनं मशीन आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. मोठ्या हौदात रद्दीचा पातळ लगदा, त्यात फिरणारी जाळीची पिंपं, पिंपावरचा ओला थर उचलून नेणारा लोकरीचा पट्टा, आणि शेवटी एक रूळ, ज्यावर थरावर थर गुंडाळत पुठ्ठा जाड होत जायचा. पुरेसा जाड झाला की टण्ण करून घंटी वाजायची. मग गडी सुरी फिरवून ओला ताव रुळावरून सोडवायचा. धप धप धप, टण्ण. धप धप धप, टण्ण. मी अभ्यास करायचे ते या तालावर, आणि पाढे अजून त्याच तालावर म्हणते. घंटी चुकून उशिरा वाजली की आख्खी आळी श्वास रोखायची.

ओले ताव वाळवायचं काम मात्र मशीनचं नव्हतं. ते बायकांचं. मिलच्या मागं मोठा माळ होता, तिथं दहा जणी ताव डोक्यावरून आणून उन्हात पसरायच्या, अर्ध्यात उलटायच्या, आणि वाळले की रचून आत द्यायच्या. त्यांची मुकादम माझी फुपी, अब्बांची मोठी बहीण, जुबेदा. फुपी अंगानं रुंद, आवाजानं त्याहून रुंद. ताव वाळला की नाही ते ती बोटाच्या पेरानं टकटक करून बघायची आणि "झाली" म्हणायची. ताव पुल्लिंगी, पण तिच्या लेखी ती भाकरी होती. तिची उजवी बाजू सांभाळायची मंदावहिनी, आमचे सरपंच आबा यांची भावजय. त्या दोघींचं दिवसभर भांडण चालायचं आणि दुपारी एकाच डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी. मंदावहिनीच्या घरी सुकट चालायची नाही, म्हणून ती फुपीच्या डब्यात "चुकून" खायची. रोज चुकायची.

लोणावळ्याच्या बाजूनं ढग उठला की फुपी हात कमरेवर ठेवून त्याच्याकडे बघायची, जसं उधारी मागायला आलेल्याकडे बघावं, आणि मग एकदम किंचाळायची, "उचला गं!" दहा जणी पदर खोचून पळायच्या. भिजलेला पुठ्ठा परत हौदात जायचा आणि मेहनत वाया. मावळात पाऊस चार महिने बसकण मारतो. तेवढे दिवस वाळवण बंद, म्हणजे बायकांचं कामही बंद. मग फुपी लोणावळ्याला धरणाकडच्या वाटेवर मक्याची कणसं भाजायची. पर्यटक तिच्यासोबत फोटो काढायचे आणि कणीस एकच घ्यायचे, तेही चौघांत. "आमचा धूर फुकट बघून जात्यात," ती म्हणायची.

हे सगळं असंच चाललं असतं, पण मूळव्याध आडवी आली.

त्या जुन्या मशीनचा पुठ्ठा राखाडी, खरबरीत, आणि नीट बघितलं तर त्यात रद्दीचे न विरघळलेले कण दिसायचे. कुठं लाल शाईचा ठिपका, कुठं अर्धी वेलांटी. मला ते फार आवडायचं. आमच्या पुठ्ठ्याची खोकी लोणावळ्याच्या एका चिक्कीवाल्याकडे जायची. एकदा एका पुणेकर बाईंनी घरी जाऊन खोकं उघडलं, पाहुण्यांसमोर चिक्की काढली, आणि खोक्याच्या आतल्या बाजूला सुवाच्य अक्षरांत होतं: 'मूळव्याध? लाजू नका!' बाई लाजल्या नाहीत, त्या थेट लोणावळ्याला आल्या. चिक्कीवाल्यानं मालकांना फोन केला आणि सांगितलं, की आता गुळगुळीत, पांढरा, चकचकीत पुठ्ठा द्या, नाही तर नमस्कार. ते पत्रक अब्बांच्याच गोदामातून गेलेलं होतं. अब्बांना ते आठवत होतं. "भाषा चांगली होती," ते म्हणाले.

म्हणून नवीन मशीन यायचं ठरलं. त्याबद्दल गावात रोज नवी बातमी यायची. त्यात म्हणे एक टाकी आहे, जी लगद्यातली शाई साबणाच्या फेसासारखी वर आणून ओढून टाकते. एकदम चार थर एकावर एक बसतात, वरचा थर पांढरा आणि पोट राखाडी. पुठ्ठा किती जाड झाला ते कम्प्युटर बघतो, घंटी नाही. आणि शेवटी एक भला मोठा लोखंडी ड्रम, आतून वाफेनं तापवलेला, बाहेरून आरशासारखा. ओला पुठ्ठा त्याला चिकटून फिरतो आणि सुटतो तेव्हा वाळलेला आणि चकचकीत असतो. ऊन नको, वारा नको, पावसाळ्याची सुट्टी नको. आणि बायका नकोत. मालकांनी तसं तोंडानं म्हटलं नव्हतं. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की मशीन चालवायला बाहेरून शिकलेली मुलं येतील.

त्या संध्याकाळी फुपी आमच्या ओट्यावर बसली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. "बारा महिने कणसं भाजू का रं, भाऊ?" तिनं अब्बांना विचारलं. अब्बांनी चष्मा पुसला. मी आत जाऊन लेखणी घेतली.

मी तेव्हा अकरावीत होते आणि जगातला सगळा अन्याय माझ्या ओळखीचा होता. रात्रीचं जेवण व्हायच्या आत पत्रक तयार झालं. 'राक्षसी यंत्रा, परत जा!' असा मथळा, तीन उद्गारचिन्हं. 'ज्या हातांनी वाळवले ताव, त्यांचा कसला हा लिलाव?' अशी ओळही होती. मला ती आजही वाईट वाटत नाही. प्रश्न कागदाचा होता. पण गोदामात एका केसांच्या तेलाच्या पत्रकांचे गठ्ठे पडून होते, एका बाजूनं कोरे. अब्बांनी मला एक गठ्ठा दिला, आणि तळेगावच्या छापखान्यातल्या काकांनी कोऱ्या बाजूवर माझी क्रांती छापून दिली. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. आमच्या घरात मागची बाजू म्हणजे काय, ती कुणीही वाचायचीच.

गावानं मात्र आधी तीच वाचली. पत्रक वाटल्यावर दोन दिवसांत आमच्या दारात माणसं यायला लागली. मी वहीत नावं घ्यायला बसले, तर पहिलाच म्हणाला, "तेल हाय का शिल्लक?" मंदावहिनीनं नवऱ्यासाठी विचारलं. फुपीनंही, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिनंही, मला बाजूला घेऊन विचारलं, "शमे, खरंच उगवत्यात का गं?" मी संतापानं पाय आपटत मिलमध्ये गेले आणि एक पत्रक मालकांच्या हातात दिलं. त्यांनी ते बराच वेळ वाचलं. चेहरा गंभीर झाला. मला वाटलं, वार बसला. मग त्यांनी दाराकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "बाळ, हे तुमच्याकडे मिळतं का?"

मशीन तुकड्यातुकड्यांनी येत होतं. बाकीचे तुकडे आले, आत गेले. शेवटी यायचा होता तो ड्रम. आमच्या गावाच्या तोंडाशी सिमेंटची कमान आहे. सरपंच आबांनी ती आपल्या वडिलांच्या नावानं बांधलेली, वर 'सुस्वागतम्' आणि दोन बाजूंना दोन प्लास्टरचे हत्ती. मिलच्या मॅनेजरनं शहाणपणानं कमानीची उंची आधीच मोजून घेतली होती. ड्रम ट्रेलरवर ठेवला तरी वर वीतभर जागा उरत होती. पण आबांना वाटलं, एवढं मोठं धूड गावात येणार, खड्ड्यांत धक्के बसायला नकोत, गावाची लाज. म्हणून त्यांनी मोजमाप झाल्यावर रस्त्यावर मुरूम टाकला, रोलर फिरवला, वर डांबर ओतलं, नारळ फोडला आणि उद्घाटन केलं. रस्ता सुंदर झाला. हातभर वर आला.

ड्रम आला त्या दिवशी ढोल-ताशा होता, हार होता, लाऊडस्पीकर होता, आणि एका कडेला मी होते, काळा झेंडा घेऊन. झेंडा म्हणजे अब्बांच्या जुन्या छत्रीचं कापड. माझ्यासोबत दहा जणी येणार होत्या, पण ताव उलटायची वेळ झाली म्हणून त्या माळावर गेल्या. ट्रेलर मुंगीच्या पावलानं पुढं आला. ताडपत्री आणि लाकडी फळ्यांत गुंडाळलेला ड्रम आमच्या घरापेक्षा उंच होता. ढोल वाजत होते. ट्रेलर कमानीखाली शिरला, आणि वरून असा आवाज आला जसा मोठा माणूस छोट्या दारातून जाताना येतो. 'सुस्वागतम्' मधला शेवटचा 'म्' निखळून खाली पडला. ढोल थांबले.

"मागं घ्या!" आबा ओरडले. ट्रेलर मागं येईना. "पुढं घ्या!" पुढं जाईना. ड्रायव्हर उत्तरेकडचा, शांत माणूस. तो उतरला, वर बघितलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, "ये तो फँस गया." मी लगेच ट्रेलरच्या पायरीवर चढले आणि झेंडा उंचावून ओरडले, "हा जनतेचा विजय आहे!"

"पोरी, खाली उतर," आबा म्हणाले. "ह्यो मुरमाचा विजय हाय."

मग सगळ्यांनी उपाय सांगितले. मॅनेजर म्हणाला, कमानीचा वरचा भाग तोडू. आबा म्हणाले, "माज्या बापाच्या नावाची हाय. तुमच्या बापाची असती तर तोडली असती का?" मग मॅनेजर म्हणाला, रस्ता खोदू. आबा आणखी भडकले. "उद्घाटन झाल्याला रस्ता? माज्या हातानं नारळ फोडलाय त्याच्यावर!" टायरमधली हवा सोडली, तेव्हा चार बोटं जागा झाली. तेवढ्यानं ट्रेलर घासत मागं सरकून मोकळा झाला, पण पुढं जायचा प्रश्न तसाच. शिवाय चाकांत आता हवा नव्हती, आणि हवा भरायचा पंप तळेगावहून यायचा होता. तिथल्या पंपवाल्याची जेवणाची सुट्टी होती. ऊन तर असं, की डांबराला चपला चिकटत होत्या. सगळे सावलीला गेले. ड्रम उन्हात उभा राहिला.

तेवढ्यात माळावरून फुपी आणि बाकीच्या जणी आल्या. शत्रू बघायला. सगळ्यांच्या डोक्यावर चुंबळ, आणि मंदावहिनीच्या डोक्यावर तर एक ओला ताव तसाच. बघायच्या घाईत खाली ठेवायचा राहिला होता. कमानीला घासून ड्रमचं वेष्टण एका ठिकाणी दारभर फाटलं होतं, फळी सुटली होती, आणि आतून लोखंड चमकत होतं. फुपी ट्रेलरवर चढली. मला वाटलं, आता ती त्यावर थुंकणार. मी झेंडा तयार ठेवला. तिनं त्यावरचं ग्रीस पदरानं पुसलं, आत डोकावून बघितलं आणि आधी कपाळावरचे केस नीट केले. मग तिनं बोट लावलं आणि "अल्ला!" करून मागं घेतलं.

"काय गं?" मंदावहिनी खालून.

"तवा हाय," फुपी म्हणाली. "अगं, नुस्ता तवा हाय ह्यो! आन तो ताव."

"फुपी, तो आपला शत्रू आहे!" मी म्हणाले.

"असू दे की. तापलाय ना?"

तिनं भाकरी थापतात तसा तो ओला ताव दोन्ही हातांनी त्या चमकत्या लोखंडावर मारला. चर्र असा बारीक आवाज आला आणि वाफ निघाली. ड्रायव्हर तंबाखू थुंकून ओरडत धावला, "अरे मौसी, करोडों का माल है!" मंदावहिनीनं त्याला हाताला धरून सावलीत बसवलं आणि चहा दिला. बायकांनी चहा घेतला, सगळ्यांच्या नजरा वर. चहा संपला, दुसरा झाला. मग तावाची एक कड आपोआप सुटली. फुपीनं तो सोलून काढला. पुरता वाळला नव्हता, कडा अजून दमट होत्या, पण जी बाजू लोखंडाला होती ती तुळतुळीत झाली होती, लग्नाच्या पत्रिकेसारखी. फुपीनं पेरानं टकटक केलं. मग तिनं पश्चिमेकडच्या डोंगरांकडे बघितलं, जिथून दरवर्षी ढग यायचे, आणि अगदी प्रेमानं त्यांना एक शिवी दिली. ती इथं छापता येणार नाही.

त्या क्षणी माझी चळवळ संपली. दहा जणी ड्रमभोवती अशा उभ्या होत्या, जशा नव्या सुनेभोवती उभ्या राहतात. मी म्हणाले, "पण हे मशीन तुम्हाला घालवायला आलंय!" फुपी खाली उतरली, माझ्या हातातला झेंडा घेतला, त्यानं घाम पुसला आणि म्हणाली, "मशीन कुटं काय बोललं? बोललं ते मालक. मालकाशी बोलू."

बोलायची संधीही आयती होती. मिलमध्ये जायला दुसरी वाट एकच, मागच्या माळावरून. पंपवाला येऊन गेला, चाकांत हवा भरली. पण माळ कडेपासून कडेपर्यंत लोणावळ्याच्या ऑर्डरच्या तावांनी भरला होता, आणि ते उचलल्याशिवाय ट्रेलर जाणार नव्हता. फुपी जाऊन माळाच्या तोंडाशी मांडी घालून बसली. तिच्या शेजारी मंदावहिनी, मग बाकीच्या. मी पत्रकांतून शिकलेल्या सगळ्या सत्याग्रहांत इतका आरामशीर सत्याग्रह नव्हता. भुईमुगाच्या शेंगा फोडणं चालू होतं.

मालक छत्री घेऊन आले. "मावशी, ताव उचलता ना?"

"उचलू की. मग त्या तव्यापाशी कोन उभं ऱ्हानार?"

"ते मशीन कम्प्युटरवर चालतं हो. बटणं असतात."

"मिक्सरला बटन, मोबाईलला बटन, जत्रंतल्या पाळन्याला बटन," फुपी म्हणाली. "बटनाला कुटं कळतं, दाबनारी बाई हाय का पुरुष?"

"शिकायला तीन-चार महिने लागतील."

"पावसाळ्यात मला तितकीच सुट्टी अस्ती. शिकवा."

मालक म्हणाले, दोघींना घेतो. फुपी म्हणाली, दहा. मालक म्हणाले, परवडत नाही. बायका शेंगा फोडत राहिल्या. सूर्य मालकांच्या डोक्यावर लखलखत होता आणि छत्री त्यांनी सौजन्यानं मंदावहिनीवर धरली होती. शेवटी आबा पुढं झाले. आबांची हयात बैलबाजारात गेलेली. चारचौघांत आकडा बोलून कुणी कमी-जास्त करायचं नसतं, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि म्हणाले, "रुमालाखाली बोला. येक बोट म्हंजे येक बाई, सगळा पंजा धरला की पाच. बाईमाणसाचा हात नको, जुबेदाच्या वतीनं तिचा भाऊ धरल." अब्बांना पुढं ढकललं. उपरणं दोघांच्या हातांवर पडलं.

आमचे अब्बा फार सभ्य. त्यांनी मालकांच्या तळव्याला हळूच बोट लावलं, आणि मालकांना गुदगुल्या व्हायला लागल्या. आधी त्यांनी ओठ चावले. मग खांदे हलायला लागले. मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि एकाएकी त्यांनी खिदळत अब्बांचा आख्खा पंजा गच्च पकडला.

"पाच!" आबा गरजले.

"अहो, मला गुदगुल्या..."

अब्बांनी हात सोडवून पुन्हा बोट लावलं. "हीहीही!" मालकांनी पुन्हा पंजा आवळला.

"परत पाच! दहा! मंजूर!" आबांनी उपरणं झटकलं. लाऊडस्पीकरवाल्यानं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं, गाणं लावलं.

"मी हात सोडवत होतो!" मालक ओरडले. "हा काय व्यवहार झाला का?"

"सोडवताना धरला तर खरा," आबा म्हणाले. पण मालक त्यावर गप्प बसले नसते. ते मऊ होते, मूर्ख नव्हते. तेव्हा फुपी उठली. शेंगांची टरफलं झटकली आणि तो ड्रमवर वाळवलेला ताव त्यांच्या हातात दिला. मालकांनी त्यावरून हात फिरवला, तिरका धरून चमक बघितली, आणि तोंड वर करून ड्रमकडे बघितलं. ड्रम अजून जोडला नव्हता, वाफ नव्हती, वीज नव्हती, आणि त्याचा पहिला पुठ्ठा निघून बसला होता. "कुणी केलं?" त्यांनी विचारलं. "आमीच," मंदावहिनी म्हणाली, "ताव माज्या डोक्यावर होता." मालक बराच वेळ तो ताव उलटसुलट करत राहिले. मग त्यांनी स्वतःहून उजवा हात पुढं केला आणि उपरणं नसताना, सगळ्यांसमोर, अब्बांचा पंजा दोनदा धरला. हसू दाबून.

तास-दोन तासांत माळ मोकळा झाला, आणि ड्रम मागच्या दारानं मिलमध्ये गेला. पुढच्या दारी त्याचं स्वागत करायला उभ्या असलेल्या कमानीला तेव्हापासून 'म्' नाही. आबा म्हणतात, ड्रम परत जाईल तेव्हा बसवू.

मशीन चालू व्हायला पुढचा पावसाळा उलटावा लागला. तेवढ्यात दहा जणी शिकल्या. फुपी काचेच्या खोलीत बसायला लागली, पडद्यावरच्या आकड्यांसमोर. तिथं एसी इतका गार, की ती भर मे महिन्यात शाल पांघरून बसते आणि आम्हा उन्हातल्या लोकांकडे दयेनं बघते. मशीनला ती "माजी बाई" म्हणते. पुठ्ठा तुटला की "आज रुसलीय" म्हणते. जुन्या मशीनची घंटी मात्र तिनं मागून घेतली आणि काचेवर टांगली. जेवायची सुट्टी झाली की ती वाजवते. कम्प्युटर काहीही म्हणो.

पहिल्या दिवशी मशीनला काय घालायचं, यावर चर्चा झाली. माझी 'परत जा!'ची पत्रकं अर्ध्याहून जास्त उरली होती, आणि अब्बांनी तोच गठ्ठा वाहून आणला. रद्दी हौदाकडे नेणाऱ्या पट्ट्यापाशी सगळे जमले. मालक, आबा, दहा जणी, हार घातलेला तो ड्रम. अब्बांनी गठ्ठा सोडला आणि आत टाकणार, एवढ्यात थांबले. खिशातून चष्मा काढला. नियम म्हणजे नियम. त्यांनी वरचं पत्रक उचललं आणि त्या एवढ्या मोठ्या यंत्रासमोर उभं राहून, स्पष्ट आवाजात, तीनही उद्गारचिन्हांसकट वाचलं, "राक्षसी यंत्रा, परत जा!" माझी लिलावाची ओळही वाचली. कुणी हसलं नाही. आबांनी टोपी काढली होती. माझं पत्रक अख्खं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कुणी तरी पहिल्यांदाच ऐकत होतं. मग अब्बांनी पत्रक उलटं केलं आणि त्याच गांभीर्यानं तेलाचंही वाचलं. मालकांनी तेवढ्यात पत्ता टिपून घेतला.

मग गठ्ठा आत गेला, फुपीनं काचेमागून बटण दाबलं, आणि मजला थरथरला. धप धप नाही, टण्ण नाही, नुसता एक लांबलचक हुंकार. दुसऱ्या टोकाला पुठ्ठा निघाला तो पांढरा, चकचकीत, न थांबता. मी आडवी पडून, वाकून, उजेडात धरून बघितलं. त्यात माझं एकही अक्षर नव्हतं. वेलांटी नाही, उद्गारचिन्ह नाही. अजूनही लोणावळ्याला गेले की मी चिक्की घेते आणि संपल्यावर खोकं सोलून पोटातला राखाडी थर बघते. अजून काही सापडलेलं नाही. दात मात्र दोन भरून घ्यावे लागले.

फुपी बाहेर आली, पेरानं पुठ्ठा टकटक वाजवला आणि "झाली" म्हणाली. मग माझ्या कानाशी लागून कुजबुजली. माळावर असताना त्यांचं आडोशाला भागायचं. आता आठ तास आत बसायचं, आणि एवढ्या करोडोंच्या मिलमध्ये बायकांसाठी संडास नाही. कुणाला सुचलाच नव्हता. ना इंजिनीयरला, ना कम्प्युटरला, ना मला.

मी मालकांकडे बघितलं. ते खुशीत पेढे वाटत होते. मी त्या नव्या, कोऱ्या, पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून घेतला आणि जिन्यावर बसून लिहायला लागले, 'बंधू-भगिनींनो, आणखी किती वेळ सहन करायचं?'

या वेळी मी दोन्ही बाजूंना छापलं.